‘थांबा’ नावाचा चौकोन

माझी धाकटी मावशी फोन उचलल्यावर कधीच ‘हॅलो’ म्हणाली नाही. ‘बोला, कोण हवंय?’ असं विचारायची. फोन तिचा, घर तिचं, घरात राहणारी ती एकटी, तरी कोण हवंय ते विचारणार. ‘अगं मावशी, तूच,’ म्हटलं की दोन क्षण शांतता. मग ‘बोलतेय’. मधल्या वेळात तिने स्वतःला बोलावून आणलं असावं, असं वाटायचं. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा समोर भोकाभोकांचा बोर्ड होता आणि हातात वायरी. बोर्ड भंगारात गेला, मावशी निवृत्त झाली, पण फोनवरची ती शुद्ध, इस्त्रीची मराठी काही सुटली नाही. फोन ठेवला की मात्र लगेच, ‘लय बोलतंय रं ते माणूस.’

त्या काळात माझं रहिमतपूरचं खताचं दुकान बंद पडलं होतं. त्याआधी कॉम्प्युटरचे क्लास बंद पडले होते आणि त्याच्याआधी पाण्याच्या जारचा धंदा. बंद पाडण्यात माझा हात इतका बसला होता की आमच्या भावकीत कुणाला नवीन काही काढायचं असलं, तर मुहूर्ताला मला बोलवत नसत. आईने मला सांगलीला मावशीकडे पाठवलं. ‘तिच्याजवळ बस जरा, डोकं शांत होईल,’ म्हणाली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पिशवी घेऊन मावशीकडे राहायला गेलो.

मावशी लॅपटॉपसमोर बसलेली होती. हिंदी व्हिडिओ थांबवत थांबवत वहीत काहीतरी उतरवून घेत होती.

‘हे बघ,’ म्हणाली, ‘ह्यात प्रोग्राम लिवायचा न्हाई. एक चौकोन घ्यायचा, दुसरा घ्यायचा, मधी रेघ ओढायची. हिकडं कुणी फॉर्म भरला की तिकडं मेसेज जातोय. आमी तीस वर्सं दुसरं काय केलं?’

असा आमचा धंदा सुरू झाला. चौकोन ती जोडायची, गिऱ्हाईक मी आणायचो. हळदीच्या एका अडत्याला आम्ही सोय करून दिली. शेतकऱ्याच्या हळदीचा सौदा झाला की भाव त्याच्या मोबाइलवर. आष्ट्याच्या एका शाळेची गाडी निघाली की मुलांच्या आयांना मेसेज. मेढ्याच्या दवाखान्यात नंबर लावायची सोय. ‘आमच्याकडं कोडिंग न्हाई, पण चुकीचा नंबर लागणार न्हाई,’ असं ती गिऱ्हाइकाला सांगायची आणि मी शेजारी बसून कंपनीच्या संचालकासारखा चेहरा करायचो.

चुका झाल्या नाहीत असं नाही. आलेल्या प्रत्येक मेसेजला ‘आपला निरोप मिळाला, आभारी आहोत’ असं आपोआप उत्तर जाईल, अशी सोय मी एकदा स्वतः करून पाहिली. एकाच दिवशी दवाखान्यालाही केली आणि अडत्यालाही. दवाखान्याचा एक मेसेज माझ्या हातून चुकून अडत्याला गेला. अडत्याने आभार मानले, दवाखान्याने त्या आभारांचे आभार मानले, आणि सकाळी सुरू झालेलं हे दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. मावशी चष्मा कपाळावर सरकवून हसत बसली. ‘लगीनघरातल्या विहिणी हायत रं ह्या. बंद कर, न्हाईतर आहेर काढतील.’

ती गंभीर व्हायची ती एकाच गोष्टीला. एक्स्चेंजमध्ये असताना मुंबईहून, पुण्याहून ट्रंक कॉल यायचे, आणि कुणी गेल्याची बातमी असेल तर पलीकडच्या माणसाच्या आवाजावरूनच तिला कळायचं. मग ती लगेच जोडून द्यायची नाही. आधी इकडच्या घरी विचारायची, घरात आणखी कोण आहे, थोरलं कुणी असेल तर त्यांना द्या. वरिष्ठांनी त्यापायी तिला दोनदा लेखी ताकीद दिली होती. ‘जोडून द्यायला काय, वायर घातली की झालं,’ ती म्हणायची. ‘कुणाच्या कानात जातंय ते कोण बघणार?’

म्हणून रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबचं काम आलं तेव्हा तिने रेघेच्या मधोमध एक जास्तीचा चौकोन घातला आणि त्याला नाव दिलं ‘थांबा’. साधे रिपोर्ट सरळ जायचे. गाठीचे, तुकडा काढून तपासल्याचे रिपोर्ट त्या चौकोनात थांबायचे. लॅबमधल्या बाईने ते बघायचे, घरी फोन करून कुणाला पाठवू ते विचारायचं आणि मगच बटण दाबायचं. कारण आपल्याकडे पेशंटला सगळं सांगत नाहीत, आणि फॉर्मवर नंबर मात्र त्याचाच असतो.

लॅब हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मालक मला म्हणाले, ‘साताऱ्यातली एक पार्टी मिनिटात रिपोर्ट पाठवून देते म्हणतात. तुमचं मधेच काय अडतं?’ मी घाबरलो. हाही धंदा बंद पडला तर आता कोणत्या तोंडाने घरी जाणार, एवढंच डोक्यात होतं. मावशी दोन दिवस आष्ट्याला लग्नाला गेली होती. मी लॅपटॉप उघडला, तो चौकोन काढला आणि दोन्हीकडची टोकं एकमेकांना जोडून टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही. मालकांचा फोन आला, आता झकास चाललंय. मी मावशीला काही बोललो नाही. पुढे सांगू म्हटलं.

सात-आठ महिन्यांनी एक माणूस दारात आला. माझ्याच वयाचा. संपत नाव सांगितलं, वाळवा तालुक्यातल्या एका वाडीचा. हातात जुना मोबाइल होता.

‘ह्यो निरोप तुमच्याकडनं गेलाय का, बाई? लॅबवाल्यांनी तुमचं नाव सांगितलं.’

मोबाइल त्याच्या वडिलांचा, तात्यांचा होता. मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. लॅबमधून डॉक्टरांकडे कागद गेला, डॉक्टरांनी संपतला सांगितलं, लगेच उपचार केले तर आशा आहे. घरच्यांनी ठरवलं की म्हाताऱ्याला कॅन्सर म्हणायचं नाही, साधी गाठ आहे म्हणून मिरजेला न्यायचं. पण रिपोर्ट त्याआधीच तात्यांच्या मोबाइलवर आला होता. इंग्रजी होता म्हणून त्यांनी तो मेडिकलवाल्याला दाखवला आणि कळल्यावर त्यालाच बजावलं, घरात बोलू नका, पोरांच्या जिवाला घोर लागेल. मिरजेचा विषय निघाला की ते म्हणायचे, ‘मला काय झालंय? हळद काढायची हाय.’ जास्त आग्रह करायचा तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून घरचे गप्प बसले. घरच्यांना कळू नये म्हणून तात्या गप्प बसले. पाच महिने सगळी एका ताटाला बसून जेवली, आणि तात्या गेले. तेराव्यानंतर मेडिकलवाल्याने संपतला सांगितलं.

‘त्यास्नी ठावं हाय, एवढं जरी आमाला कळलं असतं,’ संपत म्हणाला, ‘तर मी पाय धरून नेलं असतं.’

आवाज चढलेला नव्हता. मावशीने मोबाइल हातात घेतला, तारीख पाहिली. मग लॅपटॉप उघडून लॅबची जोडणी काढली. पडद्यावर ‘थांबा’ नव्हतं. मी तिच्या मागे उभा होतो. तिने वळून पाहिलं नाही.

‘व्हय,’ ती संपतला म्हणाली. ‘माझ्याकडनं गेला. मधी माणूस ठेवायला पायजे हुता, ऱ्हायला न्हाई. चूक माझी हाय.’

बोलायची तीच वेळ होती. मी पाणी आणायला आत गेलो.

तिने मला नंतरही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो की काय, ते आजही मला सांगता येणार नाही. पुढच्या महिन्याभरात तिने एकेक गिऱ्हाईक सोडलं. फोनवर नाही, एसटीने प्रत्येकाच्या दारात जाऊन. अडत्या म्हणाला, ‘आवं मावशी, आमचं तर झ्याक चाललंय की.’ ती म्हणाली, ‘चाललंय तवरच काढून घेते.’ मी सोबत असायचो, पिशवी धरायला. परतताना ती खिडकीकडे बसायची आणि ऊस कुठवर आलाय ते सांगत राहायची. लॅपटॉप तिने मलाच दिला. तो घेऊन मी घरी परतलो, पण उघडला नाही.

मागच्या थंडीत मावशी गेली. सकाळी शेजारणीने दार वाजवून ढकललं, तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं असेल. दिवस झाल्यावर मी एकटाच संपतच्या वाडीला गेलो. त्याने ओळखलं, अंगणात खुर्ची टाकली, चहा मागवला. मावशी गेल्याचं त्याला ठाऊक होतं. मग तोच म्हणाला, बाई दोन-तीन महिन्यांनी यायच्या, आईजवळ बसायच्या, जेवायचा आग्रह केला तरी जेवायच्या नाहीत.

मला हे माहीत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. चौकोन कुणी काढला, का काढला, आणि त्या दिवशी मी पाणी आणायला का गेलो.

त्याने कप खाली ठेवला.

‘बाईंनी तुमचं नाव घेतलं न्हाई,’ तो म्हणाला. ‘ते तुमी आता मला दिलंसा. मी काय करू त्येचं? आईला सांगू?’

तेवढ्यात आतून कुणी ओरडलं, लाइट आली. संपत उठला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि मोटर सुरू करायला विहिरीकडे गेला. त्याची आई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘बाईंचं तुमी कोण?’

‘भाचा,’ मी म्हणालो.

‘लय चांगली बाई,’ ती म्हणाली आणि मूठभर शेंगा माझ्यापुढे केल्या. मी त्या घेतल्या.