पुलावाला पाणी किती

राजापेठेत झेरॉक्सच्या एका दुकानावर प्रोग्रॅमिंगचा नवशिक्यांचा वर्ग भरायचा. बावन्नाव्या वर्षी मी त्यात नाव घातलं. शेवटी तिघांनी मिळून एक प्रकल्प करायचा होता. सरांची अट अशी की कागदावर आराखडा पूर्ण झाल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. मला ही अट फार आवडली.

आमच्या गटात मी, फुलांचं दुकान चालवणाऱ्या एक ताई आणि अकोल्याच्या जुन्या शहरातली एकोणीस वर्षांची मुलगी. ती इथे मावशीकडे राहायची. तिचे वडील लग्नांत पुलाव रांधायचे. पुढच्या वर्गाला पाठवायचं की घरी परत न्यायचं, हे ते शेवटच्या दिवशी तिचं काम पाहून ठरवणार होते. म्हणून विषय तिनेच सुचवला: पाहुणे किती ते सांगायचं, तांदूळ आणि पाणी किती ते प्रोग्रॅमने सांगायचं.

आराखडा मी केला. दोन किलो तांदळाला तीन लिटर पाणी, तर वीस किलोला तीस. सरळ त्रैराशिक. मुलीने तो दोनदा वाचला आणि अब्बांना विचारून घेऊ म्हणाली. अब्बा फोनवर म्हणाले, रविवारी एक लग्न आहे, येऊन पाहा.

आम्ही तिघं बसने अकोल्याला गेलो. अब्बा मुलीशी हिंदीत बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडीत. माझा कागद पाहून त्यांनी तो जपून घडी करून परत दिला.

"साहेब, तुमच्या हिशोबानं पुलाव नाही, लापशी होईन."

ते पाणी मोजतच नव्हते. लहान पातेल्यात तांदळावर बोटाचं एक पेर, मोठ्या देगेत दोन पेरं, एवढंच. मी खिशातली पट्टी काढून त्यांचं पेर मोजलं: अडीच सेंटीमीटर.

"भाऊ, मोजून काहून राहिले?" ताई म्हणाल्या. "अंगठी करून देता काय त्यायले?"

मग माझ्या आग्रहाखातर त्यांनी वीस किलोच्या देगेत पाणी लिटरच्या मापाने ओतलं. सव्वीस लिटरांवर दुसरं पेर बुडालं. माझे चार लिटर जास्त होते. भांडं जितकं रुंद, तितकं एका पेरात पाणी जास्त मावायचं. परतीच्या बसमध्ये मुलीने आराखड्यात भांड्याच्या रुंदीचा प्रश्न घातला. अक्षर हलत होतं, पण गणित बरोबर होतं.

शेवटच्या दिवशी अब्बा आले. मुलीने पाहुण्यांची संख्या आणि देगेची रुंदी विचारली, त्यांनी सांगितली, स्क्रीनवर पाण्याचा आकडा आला. त्यांनी तो वाचला.

"तांदूळ जुना का नवा, हे यानं कुठं इचारलं?"

जुना तांदूळ पाणी जास्त पितो, हे माझ्या घरीही सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीचा चेहरा उतरला. आराखडा मूळचा माझा, चूकही माझी, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. असे आणखी प्रश्न घालायला पुढच्या वर्गात शिकवतात का, हे त्यांनी सरांना विचारलं. सर हो म्हणाले.

"मंग शिकून घे," ते मुलीला म्हणाले, आमच्यासमोर, वऱ्हाडीतच. "कच्चा पुलाव मी कोनाले वाढत नाही."