नऊच्या खालची कोकरं

मेंढ्यांच्या पैदास केंद्रावर त्याला सगळे थेंबभाऊ म्हणत. कारण काय, तर कोकराच्या मानेतून काढलेल्या रक्ताचा एक थेंब त्यानं तीस वर्षांत सांडला असेल तर शपथ. कामात बोट ठेवायला जागा नाही. आणि तेच तर नडलं ना!

केंद्रावर जाती दोन. एक पांढरी, बाहेरून आणलेली, सहा महिन्यांत भरघोस वजन धरणारी. दुसरी काळी, लहान चणीची, जवळच्याच डोंगरातली. थेंबभाऊ दोघींचं रक्त यंत्रात घालायचा आणि आलेला हिमोग्लोबिनचा आकडा भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून बघायचा. नऊच्या खाली गेलं की वहीत एकच शब्द लिहायचा, फिक्कं. मग कोकराच्या पाठीवर लाल फुली. फुलीवालं कोकरू पैदाशीला ठेवायचं नाही, खाटकाच्या गाडीत चढवायचं, असा नियम. थेंबभाऊचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तक्ता भिंतीवर लागला त्या पहिल्याच वर्षी काळ्या कळपातली अठ्ठावीस कोकरं नऊच्या खाली आली. होती नव्हती तेवढी सगळी. कळप राखणारी मावशी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, चढ चढताना ही धापसुद्धा टाकत नाहीत. यांचं रक्त कसं कमी असेल?" थेंबभाऊ हसला. यंत्राला काय वैर आहे का मावशी तुमच्याशी, असं काहीबाही बोलून त्यानं तिची बोळवण केली. गाडी गेली. म्हाताऱ्या काळ्या मेंढ्याही एकेक करून संपल्या.

चार वर्षांनी ओल्या हवेत जंत बळावले. जंत रक्त पितात, आणि पांढऱ्यांना ते काही सोसेना. धष्टपुष्ट कोकरं धडाधड आडवी झाली. त्याच दिवसांत भिंती रंगवायला काढल्या म्हणून थेंबभाऊनं तक्ता उतरवला. लावताना चौकट दोन बोटं आखूड पडली तेव्हा तक्त्याची खालची कडा त्यानंच मागं दुमडली होती. नीटनेटका माणूस! दुमडीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे आकडे फक्त पांढऱ्या जातीचे, लहान चणीच्या जातींचे आकडे कमीच असतात.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण यंत्राची घरघर थांबली की त्याला बाहेरच्या फरशीवर खुरं वाजलेली ऐकू येत. दार उघडावं तर कुणी नाही. दाढी करताना आरशात तो स्वतःचीच खालची पापणी ओढून, आतून फिक्की आहे का ते बघे. एकदा बायकोची ओढली, तर ती म्हणाली, अहो, मी काय मेंढी आहे? त्याला हसू आलं नाही.

आणि मग एका सकाळी मावशी आली, दोरीला काळी मेंढी बांधून. केंद्रावर आलेल्या नव्या डॉक्टरांना पैदाशीसाठी जंत सोसणारी काळी जात हवी होती, पण रक्त चांगलं असेल तरच. नाहीतर हिलाही गाडी. थेंबभाऊनं मेंढीकडे बघितलं. पाठीवर लोकरीच्या टोकांना अजून जुन्या फुलीची पुसट लाली होती. गाडीच्या दिवशी मावशीनं एक कोकरू घोंगडीखाली लपवून नेलं होतं. दरवर्षी लोकर कातरताना तेवढी जागा ती सोडून देत होती.

यंत्र थांबलं. आकडा आला सव्वाआठ, त्या वर्षीसारखाच. हिला चांगली म्हणायचं तर बाकीच्यांना काय म्हणायचं? शेवटी त्यानं वहीत लिहिलं, निरोगी.

"काय लिहिलंत?" मावशीला वाचता येत नव्हतं.

"चांगली आहे. त्या सगळ्याच चांगल्या होत्या, मावशी. मी चुकलो."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळावं म्हणून हिला जगवली."

दोरी धरून ती निघाली. थेंबभाऊ मान खाली घालून ऐकत बसला. मेंढी एकच होती, पण फरशीवरून जाताना त्याला अठ्ठावीस ऐकू आल्या.