सिस्टरांची चांदणी

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी त्यांच्याकडून टॅटिंग शिकले. बोटभर लांबीच्या शटलवर दोरा गुंडाळायचा आणि नुसत्या गाठींनी लेस करायची, एवढंच ते. पण गाठ सरकती पडली पाहिजे. माझ्या गाठी तीन महिने अडकतच होत्या. निफाडला नोकरीला जाता-येता एसटीत बसून मी त्या घालायचे आणि उसवायचे.

हात बसल्यावर सिस्टरनी मला त्यांची चांदणी दाखवली. नाताळच्या झाडाला टांगायची, तळहातापेक्षा लहान. पाच कड्या, प्रत्येक कडीला दोऱ्याच्या पाच पाकळ्या, मध्ये पांढरा मणी, आणि ताठ राहावी म्हणून पेजेची खळ. खालच्या कडीला मात्र सहा पाकळ्या होत्या. लहान मुलांच्या वॉर्डात ड्युटी असताना, दुपारच्या सुट्टीत पहिली चांदणी करताना एक पाकळी जास्त झाली. एका आजारी मुलीला नेमकी तीच आवडली, म्हणून सिस्टरनी ती कायम ठेवली.

"ही मी कोणाला शिकवली नाही," त्या म्हणाल्या. "तुला शिकवते."

दिवाळीत माझी धाकटी जाऊ घरी आली होती. ती गंगापूर रोडला हॉबी क्लास घेते. तिने चांदणी हातात घेतली, कौतुक केलं, आणि मी फुशारले. अख्खी दुपार बसून तिला शिकवली. तिने फोनवर माझ्या हातांचा व्हिडिओ काढला. मला वाटलं, सरावासाठी काढत असेल.

डिसेंबरात तिचा फोन आला. "ताई, नाताळची वर्कशॉप ठेवलीय. या ना." मी सिस्टरनाही घेऊन गेले. नवीन मुली हे शिकतायत बघून त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं होतं.

हॉलच्या दारातच त्या चांदणीचा मोठा फोटो होता. खाली जावेचं नाव आणि 'स्वतःची निर्मिती'. सिस्टरनी चष्मा पुसून ते वाचलं आणि आत जाऊन खुर्चीवर बसल्या. समोर ठेवलेली शटल त्यांनी सवयीने उचलली.

जाऊ टेबलामागून आली. "काकू, अशी नाही धरायची." आणि तिने सिस्टरांची बोटं सरळ केली. सिस्टरनी करू दिली. मग जाऊ सगळ्यांना म्हणाली, "खालच्या कडीला बघा, सहावी पाकळी आहे. ती माझी सही समजा."

"हे कुठे शिकलात?" सिस्टरनी विचारलं.

"कुठे नाही हो काकू. माझं मलाच सुचलं."

बोलताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. माझी कानशिलं तापली होती. तरी मी बोलले नाही. बावीस वर्षं त्या घरात मी हेच शिकले होते: दिराला काय वाटेल, सासूबाईंचं बीपी वाढेल. मी चहाच्या कपात बघत राहिले.

रिक्षात सिस्टर म्हणाल्या, "तिने चोरली. चोर असतात जगात. पण तू तिथे बसली होतीस."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्यांनी दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "येऊ नकोस आता," म्हणाल्या.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्याशा दोऱ्यासाठी घरात भांडण लावणार तू?"

"तुम्ही केलेल्या रिपोर्टवर दुसऱ्याने स्वतःचं नाव घातलं तर?"

"ते वेगळं. ते काम आहे."

"आणि हे काय आहे?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. इतका राग मला आजवर कधी आला नव्हता. बायकांनी हाताने केलेलं काहीही आमच्याकडे कामात धरत नाहीत. म्हणून ते कोणीही उचलावं आणि विचारणाऱ्यानेच भांडकुदळ ठरावं.

पुढच्या रविवारी तिचा दुसरा वर्ग होता. मी न बोलावता गेले. जाऊ सहाव्या पाकळीपाशी आली तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की ही चांदणी आमच्या खाली राहणाऱ्या सिस्टरांची आहे. त्यांनी ती मला शिकवली, मी हिला. गेल्या वेळी हिने ज्यांची बोटं सरळ केली, त्या त्याच.

जाऊ हळू आवाजात म्हणाली, "ताई, आपण घरी बोलू."

"घरी बोलायचं होतं तर फोटो हॉलच्या दारात लावायचा नव्हतास."

मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "त्या सिस्टर शिकवतात का?"

"आता मलाही नाही शिकवत," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

फोटो उतरला. तिने नेटवर टाकलेला व्हिडिओ मात्र तसाच आहे, माझ्याच हातांचा. खाली आता तिने 'पारंपरिक' लिहिलंय. कोणाची परंपरा? त्या खोटेपणापेक्षा मला या शब्दाची जास्त चीड येते, कारण यात कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, मी घराची अब्रू चव्हाट्यावर आणली. मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. दीर अजून बोलत नाही.

सिस्टरना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आठ दिवस उशीर केलास," म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या. मी आत जाऊन बसले.

आता मी पुन्हा जाते. त्या चहा देतात, माझ्या गाठी तपासतात, सैल पडली की उसवायला लावतात. सध्या त्यांचं काहीतरी नवीन चाललंय. मी आले की त्या ते पदराखाली सरकवतात. मला दिसतं. अंगाचा तिळपापड होतो, आणि मी मुकाट्याने माझा दोरा गुंडाळायला घेते.