रफिकभाईंचं कासव आणि लसूणघास

"मॅडम, हे आंधळं झालंय का, तेवढं बघा," नसीमभाभी म्हणाल्या आणि त्यांनी प्लास्टिकचं घमेलं माझ्या टेबलावर ठेवलं.

घमेल्यात बोटभर पाण्यात तळहाताएवढं कासव. दोन्ही डोळे सुजून घट्ट मिटलेले. बरेच दिवस त्याने तोंडात काही घेतलं नव्हतं. भाभींच्या मागून त्यांचे मिस्टर रफिकभाई काठी टेकत आत आले, आणि मी खुर्चीवरून उठलेच.

मी गुरांची सरकारी डॉक्टर होते. अर्धी नोकरी संगमनेर आणि अकोले तालुक्यात गेली, ती रफिकभाईंच्या जीपमध्ये बसून. ते आमच्या फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर. पण गोठ्यात शिरले की ड्रायव्हर राहायचे नाहीत. वासरू अडलं तर दोरीला पहिला हात त्यांचा. गाय बुजरी असेल तर तिच्याशी बोलत बसायचे आणि तेवढ्यात माझी सुई टोचून व्हायची. परतीच्या वाटेवर कुठल्या तरी टपरीवर चहा आणि त्यांच्या गोष्टी. संगमनेर यायचं, गोष्ट संपलेली नसायची. मग ते गाडी ऑफिसच्या दारात बंद करून ती पुरी करायचे.

आता ते समोर बसले आणि नुसते हसले. लकव्याने उजवा हात गेला होता. बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं होतं.

"खायला काय देता याला?" मी विचारलं.

"सुकट. नाहीतर दुकानातले दाणे," भाभी म्हणाल्या.

"किती वेळा?"

भाभींनी नवऱ्याकडे बघितलं. "दिवसभर. हेच घालतात, डाव्या हातानं."

मी रिटायर झाल्यावर छोटं क्लिनिक काढलं. तिथे कुत्री-मांजरं येतात, कासव क्वचित. पुण्यात माझा एक वर्गमित्र अशाच प्राण्यांवर उपचार करतो. त्याला फोन लावला, फोटो पाठवले. आमचं निदान एकच निघालं: 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता. नुसत्या सुकटीवर वाढलेल्या कासवाचे डोळे असे सुजतात. डोळे मिटले की त्याला खाणं दिसत नाही. खात नाही म्हणून ते आणखी आजारी पडतं.

हे कासव परदेशी जातीचं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं. (आपल्या नदीतली कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे, हे जाता जाता सांगते.) ते पिल्लू असताना किडे, मासे जास्त खातं. मोठं झालं की त्याला पाला जास्त लागतो. आणि पाण्यात राहणारं कासव घास पाण्यातच गिळतं. कोरड्यावर ठेवलेलं तसंच पडून राहतं.

मी डोळे धुतले, मलम घातलं, 'अ' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मोजून दिलं. हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी घात करतं. मग भाभींना म्हटलं, "सकाळचं ऊन द्या. सुकट बंद. डोळे उघडले की पाला रोज चालेल, पण मासा किंवा गांडूळ दिवसाआड. दिवसभर चारणं तर एकदम बंद, न खाल्लेलं पाण्यात कुजतं."

रफिकभाई घमेल्याकडे बघत राहिले. भाभी मला दाराबाहेर घेऊन गेल्या.

"मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण हे सकाळी उठतात ते त्याला खायला घालायला. दुसरं काही कामच न्हाई त्यांना. मुलगा राहाता गावाला असतो, तो कधीमधी येतो. हेबी बंद केलं तर माणूस भिंतीकडं बघत बसंल."

ज्या माणसाला मी कधी रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं, त्याचं उरलेलं एकमेव काम मी बंद करत होते. बरं, चालू ठेवलं तर कासव मरणार. मग त्या माणसाने काय करायचं?

आत येऊन मी रफिकभाईंसमोर स्टूल ओढलं.

"भाई, चारणं कमी करायचंय, काम नाही. उलट वाढणार आहे. त्याला लसूणघास लागेल. कुंडीत लावाल?"

लसूणघास आमच्या दोघांच्या ओळखीचा. दुभत्या गाईंचा चारा. त्यांनी मान हलवली.

"लाल भोपळा किसायचा. जास्वंदीचा पाला बारीक चिरायचा. पालक रोज नको, त्याने शरीराला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी मिळतो. चुन्यासाठी समुद्रफेस ठेवायचा, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो. छोटा मासा काट्यासकट. गांडुळं कुंडीतच सापडतील. हे सगळं डाव्या हाताने. जमेल?"

त्यांनी डावा हात वर करून बोटं हलवून दाखवली.

काही दिवसांनी कासवाचे डोळे उघडले. पण भाभींचा फोन आला तो तक्रारीचा. "पाल्याकडं बघत न्हाई. सकाळी टाकलेला संध्याकाळी तरंगतोय. आन हे सुरी घेऊन बसतात. एवढाएवढा पाला चिरायला तासभर. मला हात लावू देत न्हाईत."

"गाईला नवा चारा कसा लावतो, आठवतंय का विचारा त्यांना. जुन्यात थोडा थोडा मिसळून. मासा असेल त्या दिवशी पाला त्यालाच चिकटवून द्या."

त्यानंतर बरेच दिवस फोन नाही. मी धास्तावले होते. शेवटी एका दुपारी भाभींचा नंबर दिसला.

"हे घ्या, यांना बोलायचंय."

पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू येत होता. मी थांबले.

"म्याडम," रफिकभाई म्हणाले. "घास... खाल्ला. नुसता. बिनमाशाचा."

एवढं बोलायला त्यांना जो वेळ लागला, तेवढ्यात पूर्वी त्यांची एक गोष्ट रंगात आलेली असायची. पण मी त्या फोनवर खूश होते.

पुढच्या आठवड्यात घरी जाऊन आले. कासव विटेवर उन्हात पडलं होतं. गच्चीवर कुंड्यांची रांग लागली होती, आणि भाभी सांगत होत्या की आता शेजारणीसुद्धा जास्वंदीचा पाला आणून देतात. रफिकभाईंचा उजवा हात तसाच आहे. बोलणंही फार सुधारलेलं नाही. सकाळी मात्र ते भाभींच्या आधी उठतात.

आता कुणी कासव घेऊन आलं, की ते काय खातं हे मी विचारतेच. पण त्याआधी विचारते, घरात त्याला खायला कोण घालतं.