कोरड्या कपड्यांचा निरोप

विनायकरावांची आणि माझी पहिली भेट इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या गणेशोत्सवात, जेवणाच्या टेबलापाशी झाली. मी भात वाढत होतो आणि भात पुरेल की नाही या काळजीत होतो. ते रांगेत अगदी शेवटी उभे होते. "काका, मला थोडाच वाढा, ढोलवाले अजून यायचेत," असे ते म्हणाले. बोलता बोलता सोलापूरच्या इस्पितळातल्या माझ्या धुलाईच्या नोकरीचा विषय निघाला. मुलाच्या घरी दिवसभर एकट्याने बसून मला वेड लागायची पाळी आली होती. कामाच्या परवानगीची कागदपत्रे होती, पण इंग्रजी नव्हते आणि शिक्षण सातवीपर्यंतचे. पंधरा दिवसांत विनायकरावांनी मला त्यांच्या फुटबॉल संघाच्या लाँड्रीत लावून दिले.

आता ते साठीचे होत आहेत आणि मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात माझ्यासारख्याने लिहावे याची मला धास्तीच वाटते. काही चुकले तर सांभाळून घ्यावे. एक गोष्ट मात्र मी ठरवून लिहिणार आहे.

विनायकराव नेमके काय करतात हे आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा आणि एकमेकांना आडवे पाडायचा खेळ. दर वसंतात सगळे संघ आळीपाळीने नावे पुकारून कॉलेजातले खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ज्यांचे नाव कोणीच पुकारले नाही, त्यांच्यातून कामाची माणसे हुडकून आणणे हे विनायकरावांचे काम. खेळाडूंच्या एकूण पगारावर सर्व संघांना सारखी मर्यादा असते. दोन-चार बडे खेळाडू त्यातला मोठा वाटा नेतात आणि उरलेल्या जागा थोड्यात भागवणाऱ्यांनी भराव्या लागतात.

मी एकदा म्हटले, "म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरायचे."

ते हसले नाहीत. "अंथरूण ठरलेलंच आहे, दामूकाका. कुणाचे पाय थंडीत ठेवायचे, तेवढं मी ठरवतो."

उन्हाळ्यात सरावाला नव्वद जण येतात. अखेरच्या दिवशी दुपारी चारपर्यंत त्रेपन्न नावे कळवायची आणि बाकीच्यांना घरी पाठवायचे. हा निरोप द्यायला विनायकराव दुसऱ्या कोणाला पाठवत नाहीत. स्वतः सांगतात आणि त्या खेळाडूबरोबर त्याच्या गाडीपर्यंत चालत जातात. त्याआधी ते खाली माझ्याकडे येतात. प्रत्येकाचे घामाचे कपडे त्याच्या नंबराच्या पट्ट्यात अडकवून धुवायला येतात आणि तसेच खुंटीवर परत जातात. जाणाऱ्यांचे नंबर विनायकराव हळूच सांगतात. "एवढे आधी वाळवा. ओले कपडे घेऊन कुणी घरी जायला नको." मी ते घडी घालून कागदी पिशवीत भरतो आणि वर नंबर लिहितो. पुढे पुढे खेळाडूंनाही कळले की पट्टा मिळाला तर राहिलो आणि पिशवी मिळाली तर संपले.

मार्कस हा असाच न पुकारलेला खेळाडू. एका लहानशा कॉलेजातून विनायकरावांनी त्याला आणले होते. कपडे न्यायला आला की माझ्या डब्यातली शेंगाचटणी चाखायचा आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना "वन मोर, काका" म्हणायचा. त्याची आई शाळेची बस चालवायची. कंबर दुखत असे तिची. हा संघात राहिला, तर तिला बस सोडता येणार होती.

त्या वर्षी अखेरच्या दिवशी विनायकरावांनी सांगितलेल्या नंबरांत मार्कसचा नंबर नव्हता. पण माझा जीव धास्तावलेला. मला वाटले, चारपर्यंत कोणाचे काय सांगावे? ऐनवेळी त्याच्यावर पाळी आली तर तो ओले कपडे घेऊन जाईल. मी त्याचेही वाळवले, पिशवीत भरले आणि पिशवी टेबलाखाली सरकवून ठेवली. तो मोजे शोधायला आला, वाकला आणि पिशवीवर स्वतःचा नंबर त्याने पाहिला. माझ्या तोंडून 'नो, नो' यापलीकडे इंग्रजी फुटेना. त्याला वाटले, मी हळहळतोय. "इट्स ओके, काका," असे म्हणून त्याने माझ्याच पाठीवर हात ठेवला आणि पिशवी घेऊन तो गेला.

तीन वाजून गेल्यावर विनायकराव आले. "मार्कस कुठाय? करारावर सही राहिलीय त्याची, आणि फोन बंद!" मी सगळे सांगितले. ते ओरडले नाहीत. "चला माझ्याबरोबर," म्हणाले.

"तो हायवेला लागला असेल हो," मी म्हटले.

"नाही लागणार. आईला काय सांगायचं ते सुचेपर्यंत कुणी लांब जात नाही, काका. मी खूप जणांना गाडीपर्यंत सोडलंय."

शेजारच्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, अगदी कडेला, मार्कसची गाडी होती. पिशवी त्याच्या मांडीवर होती. विनायकरावांनी काचेवर टकटक केली. "दॅट बॅग वॉज माय मिस्टेक, मार्कस. कम बॅक." सही वेळेत झाली, अगदी थोडक्यात. पुढे मुख्य प्रशिक्षकांनी चारचौघांत फैलावर घेतले, तेव्हाही विनायकरावांनी चूक आपलीच म्हणून सांगितले. मी कपड्यांचा गाडा धरून दाराबाहेर उभा होतो. एवढे इंग्रजी मला कळत होते. मी आत गेलो नाही.

मार्कस तीन वर्षे खेळला. आईने बस सोडली. मग खेळलेल्या वर्षांप्रमाणे नियमाने त्याचा किमान पगार वाढला आणि बड्यांना देऊन उरलेल्यात तो बसेना. खेळ उत्तम होता, तरी तो महाग झाला. हिशेब विनायकरावांनाच मांडावा लागला. त्या दिवशी ते खाली आले. "या वेळी पिशवी खरी आहे, काका," एवढेच म्हणाले. मार्कसची आई आता पुन्हा बस चालवते.

यंदा विनायकरावांचाही करार संघाने वाढवलेला नाही. वरच्या मंडळींत त्या पिशवीची गोष्ट अजून निघते. इतके साधे निरोप ज्याला सांभाळता येत नाहीत तो माणूस, असे म्हणतात. मी लेख लिहितोय हे कळल्यावर विनायकरावांनी मला बजावले, "पिशवीचं लिहू नका. तुम्हाला काढतील." त्यांचा शब्द मी आज प्रथमच मोडत आहे. ती पिशवी मी भरली होती.

त्यांना निरोप ई-मेलने आला. गाडीपर्यंत त्यांच्याबरोबर कोण चालणार, ते कोणी ठरवलेले नाही. मी चालेन, गुडघे साथ देतील तेवढे. परमेश्वर त्यांना शंभरी दाखवो आणि हातपाय धड ठेवो. न पुकारलेल्यांची इतकी नावे त्यांनी घेतली, त्यांचेही नाव कोणीतरी घेवो. मैदानावर ते घालत असत तो कोट माझ्याकडे धुवायला आला आहे. तो वाळवीन, पण पिशवीत भरणार नाही. पट्ट्याला अडकवूनच त्यांच्या हातात देईन.