तीन तबकड्यांना ऊन

मला एका जागी बसवत नाही. जेवतानाही मी दोनदा उठतो. असल्या माणसाला उत्तनच्या सरांनी पियानो ऐकायला का बोलावलं, हे मला आजही कळलेलं नाही. भाईंदर पश्चिमेच्या ज्या शाळेत मी कारकून होतो, तिथूनच ते निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि एकच जीव की प्राण असलेली जुनी रचना, तीन तबकड्यांच्या सहा बाजूंवर तुकड्यातुकड्यांनी भरलेली. चार मिनिटं झाली की सर उठायचे, तबकडी उलटायचे, सुई बदलायचे, चावी द्यायचे. तेवढ्यात मी अंगणात चक्कर मारून यायचो. सहाव्या बाजूपर्यंत कधी टिकलोच नाही. भाईंदरच्या बसचं निमित्त असायचंच.

"बस रे, संपली न्हाय अजून," सर म्हणायचे.

"ऐकतोय सर, उभ्यानं ऐकतोय."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या घराची कौलं उतरवायची ठरली. "तुझ्याकडं स्लॅब हाय," एवढंच म्हणून त्यांनी ग्रामोफोन आणि तबकड्या माझ्याकडे ठेवायला दिल्या. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. काम पावसाळाभर रखडलं. मी रोज पहिली बाजू लावायचो आणि निम्म्यावर सुई उचलून खिडकीशी जायचो. सहावी ऐकू कधीतरी, घाई काय आहे, असं वाटायचं. घाई तर मला बाकी सगळ्याची होती.

पाऊस गेला तेव्हा तबकड्यांवर पांढरी बुरशी दिसली. आमच्या घरी पावसाळा सरला की गाद्या, गोधड्या, लोकरीचे कपडे, पुस्तकं, सगळ्याला ऊन दाखवायची रीत. आईनं लावलेली सवय. मी तबकड्या पुसल्या आणि सोसायटीच्या गच्चीवर गाद्यांच्या शेजारी चादरीवर मांडल्या. चहा प्यायला खाली आलो, बसवेना म्हणून तासाभरानं पुन्हा वर गेलो. तिन्ही तबकड्यांच्या कडा तव्यावरच्या पापडासारख्या वर आल्या होत्या.

आठ दिवस त्या ट्रंकेखाली दाबून ठेवल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी रिक्षा करून सगळं उत्तनला नेलं आणि दारातच सांगून टाकलं. मला स्वतःची विलक्षण चीड आली होती. सरांनी ग्रामोफोनला चावी दिली. त्यांनी पहिली तबकडी लावली. सुई वरखाली व्हायला लागली, सूर हेलकावे खायला लागले. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो. एक, दोन, तीन. प्रत्येक बाजूला सर उठत होते आणि मी मात्र जागचा हललो नाही. पाचव्या बाजूपर्यंत ती रचना माझ्यासारखीच धावपळ करत होती. सहाव्या बाजूवर ती थांबली. एकेक सूर, मध्ये भरपूर मोकळी जागा. तिचा शेवट इतका शांत आहे, हे मला माहीतच नव्हतं. आणि तो प्रत्येक सूर आता थरथरत होता, वाकडा होत होता.

सरांनी सुई उचलली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे. माझ्या डोक्यात ती सरळच वाजते. तुला पन आठवत असंल ना, इतके महिने तुझ्याकडं होती?"

"हो सर," मी म्हणालो. बसची वेळ झाली होती, पण मला तिथून उठवेना.