सुवार्तिकबाईंच्या जागी

सोमवारी सकाळी माझी पत्नी सरला वारली.

ती आमच्या ख्रिस्ती मंडळीची सुवार्तिक होती. गावोगाव जाऊन ख्रिस्ताचं शुभवर्तमान सांगायचं, हे तिचं काम. मी शब्दकोशाच्या कचेरीत आयुष्य काढलं. 'सुवार्तिक' या शब्दाची नोंद मीच लिहिली होती आणि पुढे 'पुं.', म्हणजे पुल्लिंगी, असं ठोकून दिलं होतं. तिनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायला गेली.

वर्षातून एकदा ती रत्नागिरीला जायची. तिथे मांडवीत, समुद्रालगत, सामुएलकाका एकटे राहतात. जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. त्यांच्या मुलीनं, रूथनं, शेजारच्याच हिंदू घरातल्या मुलाशी लग्न केलं. तेव्हापासून बाप लेकीशी बोलत नव्हता. दोन घरांमध्ये फक्त एक गडगा (दगडी कुंपण). सरला दोन्हीकडे जाई. "एकदा हे दोघं बोलले की मी सुटले," म्हणायची. ते राहून गेलं. म्हणून तिच्या फेरीच्या दिवसांत तिथल्या मंडळीचा "तुम्ही तरी या" असा फोन आला, तेव्हा मी हो म्हणालो. जाऊन नेमकं काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मी भाषण लिहून घेतलं. दुसरं काही मला येत नाही.

कोल्हापूरहून एसटीनं निघालो. आंबा घाटात भाषणाची उजळणी सुरू केली आणि थोड्याच वळणांत कागद घडी करून खिशात ठेवावे लागले. शेजारच्या बाईंनी न विचारता आवळासुपारी हातावर ठेवली.

"वाचताय कसले घाटात? लांब बघा."

लांब पाहिलं. साखरप्याला चहा घेईपर्यंत मी माणसात आलो. पुढे काजूची झाडं, आंब्याच्या बागा आणि मधूनच कातळ (जांभ्या दगडाचं उघडं माळरान). सरला या रस्त्याबद्दल इतकंच सांगायची, की झोप छान लागते.

रविवारच्या उपासनेत मी 'सुवार्तिक या शब्दाचा अर्थ' सांगितला. सु म्हणजे चांगली, वार्ता म्हणजे बातमी. मग मूळ ग्रीक शब्द, मग जुनी भाषांतरं. लोक सोशिक होते. शेवटच्या बाकावरचे एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. चिंतन चाललंय असं मी समजलो. संपल्यावर तेच पुढे आले. सामुएलकाका.

"बरं बोललात. झोप झाली माझी. चला जेवायला."

मांडवीचं घर लहान, कौलारू. खिडकीतून गडग्यापलीकडे वाळत घातलेले कपडे दिसत. काकांनी पेडव्यांचं तिखलं केलं होतं. पेडवे म्हणजे बारीक, काटेरी मासे; तिखलं म्हणजे त्यांचं तिखट कालवण.

"बाई चार-पाच सहज खायच्या," ते म्हणाले.

मी देशावरचा. पण बाईंचा नवरा म्हणून मागं हटणं बरं दिसेना. भात बराच घेतला, मासा बेतानं तोंडात टाकला आणि योग्य क्षण आला असं वाटून बोलायला तोंड उघडलं.

"काका, क्षमा या शब्दाचा..."

काटा घशात आडवा बसला.

खोकलो, पाणी प्यालो, डोळ्यांतून धारा लागल्या. काकांनी पाठीत दणके घातले.

"कोरड्या भाताचा गोळा गिळा, न चावता!" त्यांनी टोप पुढे ओढला. टोप रिकामा. "अरे देवा, सगळा भात तुम्हीच संपवलात काय?"

मी मान हलवली. काका खिडकीकडे गेले. तिथे थांबले. गज धरून उभेच राहिले. मी मागे कण्हलो असेन.

"रूथ! गो रूथ! भात हाय काय?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. मग रूथ टोप कडेवर घेऊन गडगा ओलांडूनच आली. तिनं ताट पाहिलं.

"देशावरच्या माणसाला पेडवे वाढलेत, बाबा?"

"बाई खायच्या!"

"बाईंना मी शिकवलं होतं निवडायला. यांना कोण शिकवणार?"

"वाद नको घालू. गोळा मोठा कर."

"मोठा कशाला? माणूस आहे तो, देवमासा नाय."

तिसऱ्या गोळ्याला काटा उतरला. दोघांचं भांडण मात्र चालूच राहिलं. मसाला जळका, टोप घासलेला नाही, बनियन फाटकं. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

"बाई जाताना प्रार्थना करायच्या," काका मला म्हणाले.

माझा आवाज फुटेना. तेव्हा रूथनंच केली. त्यात सरलाचं नाव आलं, आणि काकांना ऐकू जाईल असं मी रडलो. काट्यामुळे, असं सांगता आलं असतं; बोलता येत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी लांब पाहत बसलो. सरलाचं काम माझ्या हातून झालं असं म्हणवत नाही. मी फक्त भात संपवला. ती तिथे काय बोलायची, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायचं ते रूथलाच.

घसा बरा झाला आहे. सरला नाही. रविवारी रूथचा फोन येतो. थोडं बोलून ती तो बाबांच्या हातात देते.